ज्यांना पाणी लागलं नाही

"टाकी उपसा. हिने हात घातलाय."

बाई एवढंच बोलल्या. बाई म्हणजे पास्टरांची बायको. त्या कधीच ओरडायच्या नाहीत. हळू बोलायच्या आणि समोरच्याची जीभ टाळ्याला चिकटायची. रविवारची सकाळ होती. प्रार्थनेचा हॉल गच्च भरलेला. पुढे खुर्च्या, मागे चटया. आम्ही चटईवर, दाराला लागून, चपलांच्या शेजारी. मासळीचा वास पुढे जाऊ नये म्हणून ती जागा आम्हाला नेमून दिली होती. तसं तोंडावर सांगून दिली होती.

स्टेजच्या मागे बाप्तिस्म्याची टाकी. निळ्या लाद्यांची, छातीइतकी खोल, आत उतरायला पायऱ्या. एरवी तिच्यावर फळ्या टाकलेल्या असत. त्या दिवशी आंब्याच्या कलमांच्या बागा असलेल्या एका घरातल्या दोन मुलांचा बाप्तिस्मा होता. पांढरे झगे घालून मुलं उतरली. पास्टरांनी एकेकाला पाठीला धरून पुरं पाण्याखाली घातलं आणि वर काढलं. टाळ्या झाल्या, गाणं झालं, मुलं कपडे बदलायला गेली.

तेवढ्यात माझी आई उठली. मी तिला आये म्हणायची. खुर्च्यांच्या मधून चालत ती थेट टाकीपाशी गेली. वाकली. उजव्या तळव्याची खोलगट वाटी केली, त्यात पाणी घेतलं आणि देवळात तीर्थ घेतात तसं प्याली. ओला हात डोक्यावरून फिरवला. मग पुन्हा तळवा भरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ये गो, तू पण घे."

हॉल हसला. आधी पुढच्या खुर्च्या हसल्या, मग सगळेच. तीर्थ घेतेय, तीर्थ. एका बाईला तर हसता हसता ठसका लागला. आयेला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलं म्हणून लोक खूश झालेत. तीपण हसली.

मग बाई बोलल्या, टाकी उपसा.

दुपारी आणखी एक बाप्तिस्मा व्हायचा होता, पाहुण्यांपैकी कुणाचातरी. त्यासाठी नवीन पाणी हवं. अंगणात पंप होता. पंपाने टाकी भरायची तशी रिकामीही करता आली असती. पास्टर तसं म्हणालेही. पण बाई म्हणाल्या, "ज्यांनी विटाळलं त्यांनीच उपसू दे."

येशूच्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. कुणाची भुवई हलली नाही. मी आणि आये बादल्यांनी पाणी उपसू लागलो. ती आत उतरून बादली भरून द्यायची, मी बाहेर नेऊन माडाच्या मुळाशी ओतायची. मी सातवीत होते. येता-जाता माझ्या वर्गातली एक मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसलेली दिसायची. शेवटी आयेने काथ्या घेऊन लाद्या घासल्या. ती अजूनही हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो बाईंवर नव्हता, आयेच्या त्या हसण्यावर होता.

त्या टाकीत आयेला कधीच उतरवलं नाही. उपसायला-घासायला उतरली तेवढीच.

आता बाबांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बाबा होडीने गळाला जायचे. एका संध्याकाळी वारा फिरला. सगळ्या होड्या आल्या, बाबांची आली नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीच्या किनाऱ्याला तिची फुटकी फळी लागली. बाबा लागले नाहीत. समुद्र माणूस परत देतो असं म्हणतात, आम्हाला दिला नाही. मग रीतीप्रमाणे दर्भाचा माणूस केला आणि तो जाळला. गवताला जाळून आम्ही घरी आलो आणि अंघोळी केल्या.

त्यानंतर वाडीत आयेचं नाव वाईट पायगुणाची असं पडलं. हळदीकुंकवाला तर नाहीच, पण नुसत्या गजालींना, गप्पा मारायलाही कुणी बोलवेना. ती मासळीची पाटी घेऊन निघाली की समोरून येणारा वाट बदलायचा. अशा दिवसांत हॉलमधली माणसं आमच्या दारात आली. ती अंगणात खाली बसली. आयेला तिचं नाव विचारलं. हे मी नाकारत नाही. त्या वर्षभरात तिला तिचं नाव विचारणारी तीच माणसं पहिली. ती त्यांच्यामागून गेली ह्यात मला कधी नवल वाटलं नाही.

पहिल्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने पास्टरांना बाबांविषयी विचारलं, "माझो घोव खंय आसा आता?"

पास्टर तेव्हा तरुण होते. घाटावरून आलेले, गोड बोलायचे. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आई, खोटं सांगून तुम्हाला बरं वाटवणार नाही. त्यांनी प्रभूला स्वीकारलं नव्हतं. त्यांना पाणी लागलं नव्हतं. पाण्याशिवाय तारण नाही. अशांसाठी आग आहे."

हॉलमध्ये बाप्तिस्म्याला सगळे पाणी लागणं म्हणत.

आये मग म्हणाली, "तो पाण्यातच गेलो मां? मगे तेका पाणी लागूक नाय असा कसा म्हणतास?"

पास्टर हसले. "ते पाणी वेगळं, आई."

ते पाणी वेगळं. माझ्या बापाच्या नाकातोंडात गेलं ते वेगळं आणि पंपाने टाकीत चढतं ते वेगळं. मला तेव्हा एवढंच कळलं की आपलं पाणी हलक्या जातीचं आहे.

पण आयेच्या डोक्यात ती आग बसली. बुडालेला माणूस जळतोय. रोज दिवेलागणीला ती ओट्याच्या टोकाला पाण्याचा तांब्या ठेवू लागली. का, विचारलं तर म्हणायची, "तेका तान लागली आसतली." सकाळी ते पाणी तुळशीला घालायची. पुढे हॉलमध्ये सांगितलं म्हणून तुळस उपटली. मग पायरीवर ओतायची.

पाणी मिळवण्यासाठी आधी तयारी असायची. शुक्रवारी दुपारी बाई प्रश्न विचारत, उत्तरं पाठ करावी लागत. बाई विचारायच्या, प्रभूवर विश्वास ठेवतेस का? आये म्हणायची, "ठेवतंय."

"ठेवते, म्हण."

"ठेवते."

"पापांचा पश्चात्ताप करतेस का?"

"करतंय."

बाई डोळे मिटून घ्यायच्या. "साक्ष सगळ्यांसमोर द्यायची असते. नीट यायला हवी. देवाला कळतं गं, पण लोक हसतात." लोक हसतात हे बाईंना बरोबर माहीत होतं. आये पुढच्या शुक्रवारी पुन्हा जायची. जिभेला वळण लागत नव्हतं. घरी चुलीसमोर बसून ती स्वतःशीच म्हणायची, ठेवते, करते, मानते. आणि मध्येच भाताला ऊत आला की, "मेल्या, उतू जातंस कित्याक," असं भांड्यालाच म्हणायची. मी हसायचे. मग ती पण हसायची.

एका शुक्रवारी तारण ह्या शब्दावर गाडी अडली. आमच्या घरात तारण म्हणजे एकच. होडीला इंजिन घेताना सोसायटीकडे जे गहाण राहिलं ते. आयेला वाटलं, इथेही तसंच असणार. तिने सरळ विचारलं, "तारण व्हया तर काय ठेवूचा लागतला? माझ्याकडे आता कायएक नाय."

बाईंनी पास्टरांना हाक मारली आणि आयेला ते पुन्हा बोलायला लावलं. पास्टर पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "काही ठेवायचं नसतं, आई. ते फुकट असतं. प्रभूने सगळं भरलंय."

आणि लगेच, त्याच दमात म्हणाले, "फक्त घरातला तो फोटो काढा."

बाबांचा फोटो. वर हार, खाली दिवा. आये तो काढेना. "दिवो नको तर नको, हार नको तर नको. पण तोंड आसांदे," म्हणायची. पास्टर म्हणत, जुनं सोडल्याशिवाय नवं नाही. असं करता करता वर्षं गेली. तिच्यानंतर आलेल्या कितीतरी जणांना पाणी लागलं. ती दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन हॉल झाडायची, फळ्या पुसायची आणि चटईवर बसायची. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस फिरायचा तेव्हा ताट तिच्या डोक्यावरून पुढे जायचं. पाणी न लागलेल्यांना ते चालत नाही.

पाण्याशिवाय तारण नाही असं सांगणारे तेच आणि पाणी न देणारेही तेच. नळ एक आणि चावी बाईंच्या कमरेला. मला हे दहावीतच कळलं आणि मी जाणं सोडलं. आये जात राहिली.

गावाचंही सांगायला हवं. गावाने तेवढ्यात आम्हाला बाटलेले ठरवलं होतं. देवळाच्या जत्रेला आमचा नारळ घेत नसत. म्हणजे तिथे पाणी लागलं म्हणून बाहेर, इथे पाणी लागलं नाही म्हणून बाहेर. आयेला मात्र ह्याचं काही वाटत नसे. तिला एकच वाटायचं. मरायच्या आधी पाणी लागलं पाहिजे.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. हृदय थकलं होतं. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांनी ऑक्सिजनची मशीन घरी लावायला दिली. ती दिवसभर घुरघुरायची. मी सकाळी मासळी घेऊन जायची, दुपारी परत यायची. माझं लग्न मोडलेलं, मी मुलीला घेऊन माहेरीच राहते. मुलगी कॉलेजला जायची. तेवढा वेळ आये एकटी आणि मशीन एकटी.

त्या एकट्या वेळात तिच्या छातीवर ती आग येऊन बसू लागली. मी आले की म्हणायची, "आगीचो वास येता गो." मी चूल बघायची, वायर बघायची. काही नसायचं. तिला झोप नको वाटू लागली, डोळे मिटले तर तिथेच उघडतील म्हणून. दारात गाडीचा आवाज झाला की दचकायची. माणसाला इतकी भीती वाटलेली मी पाहिली नव्हती. आणि ही बाई वादळात नवऱ्याची वाट बघत किनाऱ्यावर उभी राहिलेली होती.

एके दुपारी आले तर भिंत रिकामी. नुसता खिळा.

"आये, फोटो खंय?"

"काढून ठेवलंय." ट्रंकेकडे बोट दाखवलं. साडीत गुंडाळून, तोंड खाली करून ठेवला होता. कसा काढला कुणास ठाऊक, तिला तर धड उभं राहता येत नव्हतं. म्हणाली, "आता तरी पाणी देतले."

मी हात न धुताच पास्टरांकडे गेले. पंचवीस वर्षांनी. तालुक्याच्या गावातून जामसंड्याकडे जाताना लागतं त्यांचं घर, हॉलच्या मागेच. केस पिकले होते, बोलणं तसंच गोड. मी त्यांच्यासमोर शाळेतलंच मराठी बोलते, आपोआप तेच येतं तोंडात. म्हटलं, फोटो काढलाय. तिला पाणी द्या. घरी या, डोक्यावर थोडं शिंपडा, तिचं समाधान होईल.

"शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. पूर्ण पाण्याखाली जावं लागतं. नाहीतर काय अर्थ?"

"ती खाली गेली तर वर यायची नाही. डॉक्टरांनी अंघोळसुद्धा बसून, पुसून घालायला सांगितलीय."

पास्टर शांतपणे म्हणाले, "तसं झालं, तर त्याहून धन्य मरण नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. चहाचा कप त्याच्या हातात तसाच स्थिर होता.

मी म्हटलं, "क्रुसावर प्रभूच्या शेजारी तो चोर होता. तुम्हीच सांगायचा. त्याला प्रभू म्हणाला, आजच माझ्याबरोबर येशील. त्याला कुठे पाणी लागलं होतं?"

ते हसले. हा प्रश्न त्यांना आधीही कुणीतरी विचारला असणार. "तो बाप्तिस्म्याची आज्ञा होण्याआधी मेला. आज्ञा नंतर झाली. म्हणून त्याला सूट."

"माझे वडीलही तुमची आज्ञा आमच्या वाडीत यायच्या आधीच गेले."

त्यांनी कप खाली ठेवला. आतून बाई आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. पास्टर म्हणाले, "तू आईसाठी आलीस की वाद घालायला? पाणी तिला हवंय. अडवणारी तू कोण? उद्या ती गेली आणि तिथे तिने तुझं नाव घेतलं तर?"

हे मात्र मला लागलं. रस्ताभर लागत राहिलं. घरी आले तर आये विचारतेय, "काय म्हणाले? कधी?" लहान मुलीसारखी. मी म्हटलं, रविवारी.

रविवारी तिला वाडीतल्या रिक्षाने नेली. मशीन मागे राहिली, छोटा सिलिंडर मांडीवर. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला हॉलमध्ये आणली. पहिल्यांदाच चटईवरून उठून ती पुढे आली होती. अंगात पांढरा झगा, तिला फार मोठा. टाकीवरच्या फळ्या काढलेल्या. पंप चालू होता, पाणी चढत होतं. दोन दांडगे पुरुष तिला उचलून आत उतरवायला तयार उभे. बाई टॉवेल घेऊन कडेला. लोक हळू आवाजात गात होते. मला ते गाणं ऐकवेना. बकऱ्याला हळद लावतात तेव्हा असंच हळू बोलतात.

पास्टरांनी माइक तिच्या तोंडाजवळ धरला.

"प्रभूवर विश्वास ठेवतेस?"

"ठेवते." स्पष्ट. इतक्या वर्षांचं पाठांतर.

"पापांचा पश्चात्ताप करतेस?"

"करते."

बाईंनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण पास्टर थांबले नाहीत. "आणि सगळ्यांसमोर कबूल करतेस, की तुझा नवरा पाण्याशिवाय नाशात गेला, आणि त्याची वाट तू सोडलीस?"

हे कलमवाल्यांच्या मुलांना विचारलं नव्हतं. त्यांचे आजे-पणजे कुठे आहेत ते कुणी काढलं नव्हतं. हा प्रश्न खास आमच्यासाठी केलेला होता, मी दोन दिवसांपूर्वी जे बोलले त्याचा वचपा. माझं उत्तर त्यांनी तिच्या तोंडून मोडायचं ठरवलं होतं.

आये पाण्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. ती ते म्हणणार होती. मी तिला ओळखते. इतकी भ्यायलेली होती की तिने काहीही म्हटलं असतं.

"माझो घोव..."

तारणाला काही ठेवायचं नसतं म्हणाले होते, आई, ते फुकट असतं. शेवटी ठेवून घ्यायला निघाले होते ते हे. आमच्याकडे उरलेला एकच माणूस, तोही मेलेला.

मी पुढे गेले आणि माइक धरला. पास्टरांच्या हातातून ओढला नाही, त्यांच्या हातासकट धरला. आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदा माझ्या घरच्या भाषेत बोलले.

"ह्यां ती म्हणूची नाय. माझ्या बापाशीक तारण ठेवून मिळता ता तारण आमका नको."

कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये आम्ही तोंड उघडलं आणि कुणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. बाई म्हणाल्या, "हिच्यात सैतान आलाय." हळूच म्हणाल्या, पण माइक चालू होता. मी खुर्ची फिरवली आणि आयेला ओढत दाराकडे नेली. चपलांपाशी खुर्चीचा पाय अडकला. मदतीला कुणी उठलं नाही.

रिक्षात ती रडली. "माका पाणी व्हया होता गो. तू माका भायर काढलंस." घरी येईपर्यंत हेच. नंतर काही दिवस माझ्याशी बोलली नाही. नातीच्या हातून जेवायची. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड. मी बाबांचा फोटो काढून पुन्हा खिळ्याला लावला. तिने बघितलं.

मग एका सकाळी मी तिचे पाय पुसत होते तेव्हा म्हणाली, "तूच घाल मगे. तांब्यान घाल. देवाक कळतला."

घालू शकले असते. दोन मिनिटांचं काम. तांब्या हाताशीच होता. तिची भीती गेली असती, कदाचित झोपही लागली असती. माझा हात तांब्यापर्यंत गेलाही. पण मी ते पाणी तिच्या डोक्यावर घातलं असतं म्हणजे पास्टर म्हणतात ते खरं, असं मीच कबूल केलं असतं. पाणी लागलेले वर आणि न लागलेले आगीत. तिला वर काढायला मी बाबांना खाली ढकललं असतं. माणसाला वाचवणारं असं कुठलं पाणी असतं, ज्याचा प्रत्येक थेंब दुसऱ्याला जाळतो? तसला देव असेल तर तो बाईंचाच नातेवाईक. मी त्याला ओळखत नाही.

म्हटलं, "आये, पाणी नको. तू अशीच जातलंस."

"मगे मी खंय जातलंय?"

"बाबा गेले थंय."

तिने मान वळवून बाबांच्या फोटोकडे बघितलं.

"थंय आग आसली तर?"

"आसली तर आसांदे. दोघां आसतल्यात तुमी."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. राग होता की आणखी काही, देव जाणे. ती शांतपणे गेली असं मी सांगणार नाही, कारण ती तशी गेली नाही. शेवटच्या दिवशी श्वासाला फार तडफडली, माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण मी चुकले असं वाटत नाही.

तिला अंगणात आणून ठेवली आणि दोन माणसं आली. एकाच वेळी, दोन दिशांनी.

पास्टर गाडीतून उतरले. म्हणाले, झालं ते झालं, मंडळींच्या दफनभूमीच्या कोपऱ्यापाशी जागा देऊ. कुंपणाच्या आत नाही, लागून. पण येत्या रविवारी तू पाणी घ्यायचंस. तू आणि तुझ्या मुलीने, दोघींनी.

दुसरे देवळाचे मानकरी, गावातलं वजनदार माणूस. त्यांनी पास्टरांकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, "शुद्धी करून घे. चार लोकांसमोर गोमूत्र, डोक्यावर पाणी, देवळात नारळ ठेव, गाऱ्हाणा घालूया. मगे मसणवट मोकळी."

मध्ये माझी आई. तिच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं, आणि दोघांनाही माझ्याच डोक्यावर पाणी ओतायचं होतं. आईला जागा हवी ना, मग वाक. मेलेल्या बाईला धरून जिवंत बाईला वाकवायचं, ह्यात दोघांचं अगदी एकमत होतं.

मी म्हटलं, "दोघांव वाटेक लागा."

मानकरी म्हणाले, "पस्तावतलंस."

पास्टरांनी माझ्या मुलीकडे बघून मान हलवली आणि ते गाडीत बसले. मला त्यांचं ते मुलीकडे बघणं जास्त भयंकर वाटलं.

घरामागे आमची मासळी सुकवायची जागा आहे, आमच्याच नावावरची. आये आगीला भ्यायली होती म्हणून तिला जाळली नाही. तिथे पुरली. खड्डा खणायला वाडीतल्या तीन-चार बायका आल्या, ज्यांनी एकेकाळी तिला पाहून वाट बदलली होती त्यांतल्याच. पुरुष आले नाहीत. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी मंत्र म्हटला नाही. आम्ही रेती लोटली आणि वर जांभे दगड ठेवले.

तेव्हापासून वरच्या आळीत माझी पाटी कुणी उतरवून घेत नाही. एका सकाळी उठले तर जांभे दगड बाजूला फेकलेले होते. कुणी फेकले ते मी विचारत फिरले नाही. पुन्हा रचले. मुलीला कॉलेजच्या वाटेवर कुणीतरी थांबवून सांगितलं, तुझ्या आजीची हाडं तिथे राहणार नाहीत. ती घाबरून आली. मी तिला शांत केलं नाही. म्हटलं, तोंड लक्षात ठेव, नाव विचारून ये.

आता ह्या हंगामात आमच्या वाडीतली आणखी एक होडी आली नाही. माणूस तरुण, बायको त्याहून तरुण, कडेवर पोर. माणूस मिळाला नाही. दर्भाचा केला, जाळला. आणि पंधरा दिवसांमागे तिच्या अंगणात पास्टरांची गाडी उभी होती. बाईपण होत्या बरोबर. तिला तिचं नाव विचारत होत्या.

त्या मुलीच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. आज नाही तर उद्या ती विचारणारच, माझो घोव खंय आसा. तिला प्रार्थनेला जायचं तर खुशाल जाऊ दे, देवळात जायचं तर देवळात. मी अडवणार नाही. पण तो प्रश्न तिने विचारला की त्याचं उत्तर पास्टर देणार नाहीत, बाई देणार नाहीत आणि मानकरीही नाहीत. गाडी दिसली की मी पाटी तिच्या ओट्यावर उतरवते आणि आत जाऊन ती आणि बाई, दोघींच्या मध्ये बसते. कोयता कमरेला असतो, मासळीवालीचा असतोच. बाई नाकाला पदर लावतात. मी हलत नाही.

तिचा नवरा आगीत आहे असं त्यांनी माझ्यासमोर म्हणून दाखवावं.